आमचे वाडवडील कोठें गेले ?

पुण्याहून नगरकडे जातांना शिरूरजवळ घोडनदी ओलांडली कीं पारनेर तालुक्याचीं उघडीं, दगडाळ माळरानें दिसूं लागतात. राळेगणसिद्धी हें गांव याच मुलखांतलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाणी अडविण्याच्या आणि ग्रामसुधारणेच्या कामामुळें त्याचें नांव देशभर झालें. पण वारकऱ्यांना या भागाची ओळख त्याहून पुष्कळ जुनी आहे. राळेगणच्या शेजारींच पिंपळनेर आहे, आणि पिंपळनेर म्हणजे तुकोबांच्या परंपरेंतील नीळोबारायांचें गांव. अशा मुलखांत मेलेला मनुष्य एकाएकीं परका होत नाहीं. दहाव्या दिवशीं पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरचीं माणसें ताटकळत उभीं असतात. भाद्रपदाच्या वद्य पक्षांत आजा-पणजाच्या नांवानें पान वाढलें जातें. मेलेल्याचें पुढें काय झालें हा येथें पंडितांच्या वादाचा विषय नव्हे. तो घरांतला विषय आहे.

ज्या जिल्ह्याला आतां अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे, त्या नगर जिल्ह्यांत इ. स. १८३१ च्या डिसेंबरांत अमेरिकन मराठी मिशनानें आपलें ठाणें घातलें. पुढें पाऊणशें वर्षें या मिशनाचे उपदेशक नेवासें, राहुरी, पारनेर अशा तालुक्यांतून तंबू घेऊन हिंडत, शाळा काढीत, चावडीपुढें उभे राहून बोलत. त्यांचें सांगणें थोडक्यांत असें कीं, मनुष्य पापी आहे, पापाचें फळ नरक आहे, आणि ख्रिस्तावांचून त्यांतून सुटका नाहीं. हें ऐकणाऱ्याच्या मनांत जो पहिला प्रश्न उभा राहतो तो स्वतःविषयींचा नसतो. ज्यांनीं ख्रिस्ताचें नांवही ऐकलें नाहीं, ते आमचे वाडवडील मग कोठें गेले ?

प्रश्न साधा आहे, परंतु ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या इतिहासांत त्यानें मोठी उलथापालथ केली. आणि त्या उलथापालथींत आपल्या नगरचें नांव एकदां अमेरिकेंतील सर्वांत जुन्या परदेशी मिशन-मंडळाच्या सभेंत गाजलें. तो वृत्तांत मराठी वाचकांना फारसा ठाऊक नाहीं, म्हणून येथें सांगावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. नरक ही कल्पना मराठी श्रोत्याला नवी नव्हती. भागवताच्या पंचम स्कंधांत अठ्ठावीस नरकांचीं नांवें आहेत. गरुडपुराणांतील वर्णनें तर मृताच्या घरीं वाचलीं जातात. कोणत्या पापाला कोणती यातना याचा हिशेब त्यांत इतका बारकाईनें मांडलेला आहे कीं दंडसंहितेनें लाजावें. पण या सर्व नरकांना एक दार बाहेर पडण्याचें आहे. भोग संपला कीं जीव पुन्हां जन्माला येतो. द्वैतमताचे प्रवर्तक मध्वाचार्य यांनीं कांहीं जीव नित्य अंधतमास पात्र असतात असें प्रतिपादिलें आहे, हा अपवाद सोडला तर आपल्याकडील नरक हा तुरुंग आहे, फांसावर संपणारी शिक्षा नव्हे. शिवाय वंशजांनीं केलेल्या श्राद्धाचा पूर्वजाला उपयोग होतो, ही श्रद्धा त्या तुरुंगाच्या भिंतीला खिडकी ठेवते.

ख्रिस्ती शास्त्रांतील नरक मुळांत इतका रेखीव नाहीं. जुन्या करारांतील ' शिओल ' म्हणजे सर्व मृतांचा अंधारा अधोलोक. त्यांत बऱ्यावाइटाचा भेद फारसा नाहीं. ग्रीक भाषेंत त्यासाठीं ' हेडीस ' हा शब्द आला. तिसरा शब्द ' गेहेन्ना '. यरुशलेमेजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यावरून तो निघाला. या खोऱ्यांत एके काळीं मुलांचे बळी दिले जात, म्हणून तें शापित मानलें गेलें. मराठी बायबलांत ' अधोलोक ' आणि ' नरक ' असे दोन शब्द दिसतात ते या भेदामुळेंच. येशूच्या तोंडच्या वचनांत शिक्षेच्या कमीअधिकपणाचा उल्लेख स्पष्ट आहे. धन्याची इच्छा ठाऊक असून ती न पाळणाऱ्या चाकराला पुष्कळ फटके बसतील आणि ठाऊक नसतां चुकणाऱ्याला थोडे, असा दृष्टान्त लूकच्या बाराव्या अध्यायांत आहे. न्यायाच्या दिवशीं सोर व सिदोन या परक्या नगरांना, येशूचीं अद्भुत कृत्यें पाहूनही न वळलेल्या गालीलांतल्या गांवांपेक्षां सोपें जाईल, असें मत्तय सांगतो. परंतु त्याच मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत दुष्टांना सार्वकालिक शिक्षा आणि धार्मिकांना सार्वकालिक जीवन, असें दोन्हीं एकाच मापानें मोजलें आहे. एकीकडे फटके मोजलेले, दुसरीकडे काळ न मोजतां येणारा. पुढील अठराशें वर्षांचा वाद या दोन वचनांच्या मधल्या जागेंत झाला.

तिसऱ्या शतकांतील ऑरिजेन याला असें वाटे कीं ईश्वराची शिक्षा औषधासारखी आहे आणि शेवटीं सर्व जीव शुद्ध होऊन परत येतील. सहाव्या शतकांत हें मत चर्चनें धिक्कारलें. पश्चिमेकडे ऑगस्टीनचें मत टिकलें : शिक्षा अनंत आहे, मात्र सर्वांना सारखी नाहीं. बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या अर्भकांनाही त्यानें सोडलें नाहीं. त्यांची शिक्षा सर्वांत सौम्य असेल एवढेंच तो म्हणाला. थोड्या काळाच्या पापाला अनंत शिक्षा कां, या आक्षेपाला मध्ययुगीन पंडितांनीं उत्तर दिलें तें असें : ज्याचा अपराध केला तो अनंत आहे, म्हणून अपराधही अनंत. मग पायऱ्या कोठून आल्या ? तर काळ सर्वांना अनंत, पण वेदनेची तीव्रता पापाच्या मानानें. इ. स. १४३९ मध्यें फ्लॉरेन्सच्या धर्मसभेनें या असमान शिक्षेवर शिक्कामोर्तब केलें. त्याच्या शंभरएक वर्षें आधीं दान्तेनें आपल्या महाकाव्यांत नरकाचीं नऊ मंडलें रचलीं होतीं; त्यांतील पहिल्यांत होमर, व्हर्जिल, ॲरिस्टॉटल असे ख्रिस्ताआधींचे थोर पुरुष बसले आहेत. त्यांना यातना नाहींत, परंतु आशाही नाहीं. कवीनें आपल्या गुरूंसाठीं जेवढी जागा करतां आली तेवढी केली; तीही नरकाच्या उंबरठ्याच्या आंतच.

ही कॅथॉलिक व्यवस्था मराठी मुलखांत प्रथम गोव्याच्या वाटेनें आली. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. त्यांत स्वर्गाला त्यांनीं वैकुंठ हाच शब्द योजला. नरकाला गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणींत आजही यमकोंड म्हणतात; म्हणजे धर्म बदलला तरी यमाची नोकरी गेली नाहीं. या व्यवस्थेंत नरकाखेरीज शुद्धिस्थान होतें, अर्भकांचें निराळें स्थान होतें, आणि मृतांसाठीं प्रार्थना करण्याचा दिवस होता : नोव्हेंबरची दुसरी तारीख. ज्याचा बाप ख्रिस्ती होऊन मेला त्याला त्याच्यासाठीं कांहीं करतां येत होतें. पण ज्याचा बाप तसाच मेला त्याला काय ? ज्यांचा देह जुन्या गोव्यांत ठेवलेला आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांना हा प्रश्न जपानांत भेटला. इ. स. १५५२ च्या जानेवारींत कोचीनहून लिहिलेल्या पत्रांत ते सांगतात कीं, नरकांतून सुटका नाहीं असें ऐकतांच जपानी नवख्रिस्ती आपल्या मेलेल्या आईबापांसाठीं व मुलांसाठीं रडत, आणि तें पाहून आपल्यालाही दुःख होई. उत्तर मात्र त्यांनीं बदललें नाहीं.

नगरला आलेले अमेरिकन पाद्री प्रॉटेस्टंट होते. त्यांच्या पंथानें शुद्धिस्थान मानवी कल्पना म्हणून काढून टाकलें होतें. मृतांसाठीं प्रार्थना करणें त्याज्य ठरविलें होतें. भ्रष्टाचाराची एक मोठी वाट त्यामुळें बंद झाली हें खरें. पण परलोकाच्या वाड्यांत आतां दोनच खोल्या उरल्या. शिक्षेच्या पायऱ्या होत्या, पण त्या सर्व एकाच खोलींत. अशा रीतीनें पितृपक्ष पाळणाऱ्या लोकांपुढें ख्रिस्ती परलोक आला तो त्याच्या अत्यंत कठोर रूपांत.

या कठोरपणावर मराठी माणसानें शास्त्रशुद्ध आघात केला तो फार लवकर. काशीस वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनीं इ. स. १८४४ च्या सुमारास शास्त्रतत्त्वविनिर्णय हा संस्कृत ग्रंथ रचून पाद्र्यांचें खंडन केलें. त्यांचा एक मुख्य मुद्दा हाच : सर्वज्ञ ईश्वरानें ज्यांचा शेवट अनंत यातनेंत होणार हें ठाऊक असून जीव निर्माण केले, आणि अल्प आयुष्यांतील अल्प पापाला अनंत दंड ठेवला, तर त्याला दयाळू तरी कसें म्हणावें आणि न्यायी तरी कसें ? त्यापेक्षां कर्म आणि पुनर्जन्म यांचा हिशेब सरळ आहे. पुढें चारच वर्षांनीं, १८४८ च्या मार्चांत, याच पंडितांनीं जौनपूर येथें बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनीं अनंत शिक्षेच्या मताचें समर्थन करणारी पुस्तिका लिहिली. ज्या आक्षेपाचें उत्तर देण्यास ते बसले होते तो त्यांचा स्वतःचाच होता, आणि त्या मतानें त्यांना पुढेंही पुष्कळ छळलें. पंडिता रमाबाईंच्या मनावर ज्यांच्या लेखनाचा मोठा परिणाम झाला तेच हे गोऱ्हे. इ. स. १८९५ मध्यें ते मुंबईस वारले.

विलायतेंतही याच काळांत जुनें मत हलूं लागलें होतें. इ. स. १८५३ मध्यें एफ्. डी. मॉरिस यांना ' सार्वकालिक ' या शब्दाचा निराळा अर्थ केल्याबद्दल लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील अध्यापकाची जागा सोडावी लागली. पंचवीस वर्षांनीं वारा इतका फिरला होता कीं फ्रेडरिक फॅरर यांनीं वेस्टमिन्स्टर ॲबेच्या व्यासपीठावरूनच, मृत्यूबरोबर ईश्वराची दया संपते असें मानण्यास आधार नाहीं, असें सांगितलें. १८७७ च्या हिंवाळ्यांतील हीं प्रवचनें पुढल्या वर्षीं पुस्तकरूपानें निघालीं आणि इंग्लंडभर वाद माजला. हे फॅरर मुंबईच्या कोटांत जन्मलेले. त्यांचे वडील नाशिकास मिशनरी होते.

आतां नगरकडे वळूं. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्यें मुंबईस झाला. त्यांचे वडीलही अमेरिकन मराठी मिशनांतले. येल व अँडोव्हर येथें शिक्षण संपवून रॉबर्ट ह्यूम १८७४ मध्यें नगरास आले. ते आल्यावर दोनच वर्षांनीं दक्षिणेंतील तो भयंकर दुष्काळ पडला. १८७८ मध्यें त्यांनीं नगरास धर्मोपदेशक तयार करण्याचें विद्यालय काढलें. म्हणजे गांवोगांव जाऊन जें सांगावयाचें तें मराठी तरुणांना शिकविण्याचें काम त्यांच्याकडे आलें. आणि वाडवडिलांच्या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारीही.

ते ज्या अँडोव्हरच्या विद्यालयांत शिकले तें मुळांत कडव्या सनातनी मताच्या रक्षणासाठीं स्थापिलेलें होतें. तेथील अध्यापकांना ठरलेल्या मतपत्रिकेवर दर पांच वर्षांनीं पुन्हां सही करावी लागे. परंतु १८८० नंतर तेथील नव्या अध्यापकांनीं एक निराळी विचारसरणी मांडली. तिचा सांगाडा असा : न्याय करणारा ख्रिस्त आहे, मनुष्याचा शेवटचा निवाडा ख्रिस्ताचा त्यानें स्वीकार केला कीं अव्हेर, यावर होणार, मग ज्याला ख्रिस्त कधीं कळलाच नाहीं त्याचा निवाडा कशावर करावयाचा? तेव्हां न्यायी ईश्वर अशांना मृत्यूनंतर, शेवटच्या न्यायापूर्वीं, ओळखीची एक संधि देत असला पाहिजे. पीटरच्या पहिल्या पत्रांत ख्रिस्तानें बंदींतील आत्म्यांना उपदेश केल्याचा जो उल्लेख आहे त्याचाही आधार त्यांनीं दिला. शिक्षेच्या पायऱ्या कमीजास्त करून हा प्रश्न सुटत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. अपराध नाहीं तेथें थोडे फटकेही कां ?

इ. स. १८८६ मध्यें ह्यूम रजेवर अमेरिकेंत होते. अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या भोजनप्रसंगीं त्यांनीं आपल्या जुन्या गुरूंच्या बाजूनें चार शब्द बोलले. अशी आशा बाळगण्यानें परमुलखांतील काम दुबळें होत नाहीं, उलट त्याला मदत होते, असा त्यांचा आशय होता. हें भाषण साधें होतें, पण वेळ कठीण होती. नगरचें मिशन ज्या अमेरिकन बोर्डाच्या पैशावर चाले त्याचे एक चिटणीस एडमंड ऑल्डन या नव्या मताचे कट्टर विरोधक होते. ह्यूम यांना हिंदुस्थानांत परत पाठवावें कीं नाहीं, हा प्रश्न बोर्डाच्या कार्यकारी समितीपुढें आला आणि निर्णय लांबणीवर पडला. बारा वर्षें काम केलेला, मराठी मातृभाषेसारखी बोलणारा मनुष्य घाटाखालच्या समुद्रापलीकडे अडकून पडला. आणि त्याचें कारण एवढेंच कीं पारनेर-नेवाशाकडील मेलेल्या कुणब्या-महारांविषयीं त्यानें आशा व्यक्त केली होती.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत डेमॉइन येथें बोर्डाची वार्षिक सभा भरली. मृत्यूनंतरच्या संधीचें हें मत मंडळींत फूट पाडणारें व घातक आहे असा ठराव तेथें झाला. विरोधकांना केवळ निर्दय म्हणून सोडून देणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांचा मुद्दा सरळ होता. मेल्यावर संधि मिळणारच असेल तर कोणी आपलीं मुलेंबाळें घेऊन सहा हजार कोस दूर पटकींत मरावयास कां जावें ? नगरचें ठाणें घालणाऱ्या पहिल्या तीन पाद्र्यांपैकीं हर्वे हे वर्षाच्या आंतच पटकीनें वारले होते. दर दिवशीं हजारों जीव अनंत नाशाकडे चालले आहेत, या विश्वासावरच त्या पिढीनें घरदार सोडलें. तो विश्वास ढिला करणें म्हणजे त्यांच्या थडग्यांचा अर्थ बदलणें होय, असें या लोकांना वाटलें. शिवाय शास्त्रांत स्पष्ट न सांगितलेली गोष्ट आशा म्हणून कां होईना, उपदेशकानें सांगावी काय, हाही प्रश्न खरा होता.

याला ह्यूम यांनीं दिलेलें उत्तर तर्कापेक्षां आयुष्याचें आहे. १८८७ मध्यें त्यांना परत येण्याची मुभा मिळाली, आणि त्यानंतर १९२६ पर्यंत ते नगरासच राबले. १८९९-१९०० च्या दुष्काळांतील कामाबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळालें. ज्याला आशा आहे तो काम सोडून बसतो, हा आक्षेप त्यांच्या चाळीस वर्षांनीं खोटा ठरविला. इतरांना इतक्या लवकर वाट मोकळी झाली नाहीं. विल्यम नॉयस नांवाच्या तरुणाला याच मतामुळें बोर्डानें नाकारलें. तो दुसऱ्यांच्या आधारानें जपानांत गेला, आणि १८९३ मध्यें बोर्डानें त्याला पदरांत घेतलें, तेव्हां ऑल्डन यांनीं आपली जागा सोडली. अँडोव्हरचे प्राध्यापक एग्बर्ट स्मिथ यांना १८८७ मध्यें बडतर्फ करण्यांत आलें होतें; तो निर्णय मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयानें १८९१ मध्यें रद्द केला.

ह्यूम नगरास परतले नसते तर मराठी वाङ्मयाचें काय झालें असतें, हाही विचार मनांत येतो. कारण १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक पुढें नगरास आले ते ह्यूम यांच्याच सहवासांत, आणि त्यांच्या विद्यालयांत शिकवूं लागले. टिळकांच्या घरांत हा परलोकाचा प्रश्न पुस्तकी नव्हता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं १९०० पर्यंत आपला धर्म सोडला नव्हता. जुन्या मताप्रमाणें पांच वर्षें एकाच संसारांतील दोन माणसें अनंत काळापुरतीं वेगळीं झालेलीं होतीं. स्मृतिचित्रें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना त्या वर्षांतील ओढाताण सांगण्याचें कारण नाहीं.

याहून मोठी गोष्ट टिळकांच्या एका सांगण्यांत आहे. आपण ख्रिस्ताकडे आलों ते तुकोबांच्या पुलावरून, असें ते म्हणत. हें वाक्य नेहमीं सौजन्याचें म्हणून उद्धृत केलें जातें. पण त्याकडे परलोकाच्या बाजूनें पाहावें. ज्या पुलावरून मी पैलतीरास पोंचलों तो पूलच अंधारांत पडला आहे, असें कोणता प्रामाणिक मनुष्य मानील ? दान्तेनें व्हर्जिलला वाट दाखविण्याचें काम दिलें आणि स्वर्गाच्या दाराशीं त्याला परत पाठविलें. टिळकांना तुकोबांविषयीं तसें करवलें नसतें. ज्या विद्यालयांत ते शिकवीत तेथें ही अडचण बोलून दाखविण्याइतकी मोकळीक होती. ती कशी मिळाली होती हें आपण वर पाहिलें.

पुढील काळांत हा प्रवाह सर्वच पंथांत रुंदावला. आपला कांहीं दोष नसतां ज्यांना शुभवर्तमान कळलें नाहीं, पण जे शुद्ध मनानें ईश्वराचा शोध घेतात, त्यांचेंही तारण होऊं शकतें, असें रोमन चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेनें १९६४ मध्यें जाहीर केलें. बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणें आहेत, असें त्याच चर्चच्या धर्मपंडितांच्या मंडळानें २००७ मध्यें म्हटलें. ऑगस्टीनच्या ' सर्वांत सौम्य शिक्षे 'पासून येथवर यावयास सुमारें सोळाशें वर्षें लागलीं. अनंत नरक मानणारे ख्रिस्ती आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापाशीं शास्त्रवचनेंही आहेत. परंतु न ऐकलेल्यांचा प्रश्न बाजूला सारून आतां कोणालाच पुढें जातां येत नाहीं.

शिक्षेच्या पायऱ्यांचा हा सर्व इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट दिसते. पायऱ्या मोजण्याचें काम नेहमीं पंडितांनीं केलें. त्या पायऱ्या अपुऱ्या आहेत हें मात्र आपल्या मेलेल्या माणसांना न विसरणाऱ्या साध्या लोकांनीं दाखविलें. जपानांत तें रडून दाखविलें गेलें, काशींत संस्कृत श्लोकांनीं. ह्यूम यांचा मोठेपणा असा कीं त्यांनीं हा प्रश्न अज्ञान्याची सबब म्हणून झटकला नाहीं; तो बरोबर घेऊन ते अमेरिकेंत गेले आणि ज्यांच्या हातीं आपली भाकरी होती त्यांच्यापुढें त्यांनीं तो ठेवला. १९२९ मध्यें ते वारले. त्यांचें नांव धारण करणारें प्रार्थनामंदिर नगरांत आहे. तेथून पुण्याच्या वाटेनें निघालें तर अर्ध्या दिवसांत राळेगण आणि पिंपळनेर पाहून होतें. नीळोबारायांच्या समाधीपुढें हात जोडणारा वारकरी, आणि ज्याचे खापरपणजे कधीं काळीं त्याच समाधीपुढें उभे राहिले असतील असा नगरचा ख्रिस्ती, हे दोघे एकाच वडिलांचे वंशज आहेत. त्या वडिलांविषयीं दोघांनाही आतां आशेनें बोलतां येतें, हें कांहीं थोडें नव्हे.